समुद्र शेवटी ठेवायचा

इचलकरंजीत आमच्या घरी पहिलं 'नको' कुणी धरत नसे. पाहुणा पानावर हात आडवा धरायचा, आणि आई त्याच्या बोटांच्या फटीतून आमटी वाढायची. दुसऱ्या 'नको'ला ती जरा थांबायची. तिसऱ्यांदाही तो 'नको' म्हणाला तरच त्याला खरोखर नको आहे असं समजायचं. हे कुणी शिकवलं नाही, पाहून अंगात मुरलं. पुढे धंद्यात मला याचाच उपयोग झाला. मी ओहायोत राहतो. बंद पडलेल्या कारखान्यांतली जुनी यंत्रं विकत घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. समोरचा पहिल्यांदा 'नाही' म्हणाला म्हणजे बोलणं सुरू झालं, एवढंच. म्हणून खाली जे सांगणार आहे त्यात 'मला कळलंच नाही' असं म्हणायची मला सोय नाही.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. कापडाच्या तंत्राचा डिप्लोमा करून तो उत्तर इंग्लंडातल्या एका गिरण्यांच्या गावी गेला तेव्हा मी शाळेत होतो. एसटी स्टँडवर ट्रंक टपावर चढवून झाल्यावर तो मला म्हणाला, "तू ये तिकडं. आपण दोघं समुद्र बघू." आम्ही तोवर पंचगंगेहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं. पुढे मी पुष्कळ समुद्र पाहिले. मुंबईचा पाहिला, फ्लोरिडाचा पाहिला. पण तो शब्द दादाचा होता आणि मी शब्द विसरत नाही. माझ्याशी व्यवहार करणारे याला माझा गुण म्हणतात. माझी बायको याला दुसरं नाव देते.

२००३च्या ऑगस्टमध्ये मी पहिल्यांदा त्याच्या गावी गेलो. तिथल्या एका गिरणीतली यंत्रं विकायला निघाली होती, ती बघायची हे निमित्त. तीन दिवस राहिलो. ज्या गिरणीत दादानं पंचवीस वर्षं काढली ती बंद पडून तिचं संग्रहालय झालं होतं. दादा दर रविवारी तिथे जाऊन जुना माग चालवून दाखवायचा.

"पगार किती देतात?" मी विचारलं.

"पगार कसला? हौस."

मी हसलो. तो माग चालवत होता, समोर दहाबारा इंग्रज बाया-माणसं कानांत बोटं घालून उभी होती, आणि मी हसलो.

त्या तीन दिवसांत दादानं मला काय दाखवलं? एक कालवा. त्याला पाण्याच्या पायऱ्या होत्या. दारं उघडून, पाणी भरून होडी एकेक पायरी वर चढवायची. एक होडी वर जाईपर्यंत आम्ही तासभर उभे होतो. मग पाचशे वर्षांपूर्वी पडलेला एक मठ, त्याला छप्पर नाही, आणि वरून पाऊस. मग एक उघडं माळरान, जांभळ्या फुलांनी भरलेलं. सगळीकडे बसनं जायचं, थर्मासमधला चहा प्यायचा आणि वहिनीनं बांधून दिलेल्या दशम्या खायच्या. मी तेव्हा स्वतःला फार मोठा माणूस समजत होतो. अमेरिकेहून भाऊ आला आणि हा त्याला बसनं फिरवतो, हे माझ्या मनाला लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादानं विचारलं, "उद्या निघणार तू. आज समुद्रावर जायचं का?"

"नको," मी म्हणालो. "कशाला उगीच धावपळ."

मी वाट बघत होतो की तो म्हणेल, चल रे, काय नको नको लावलंयस. तो म्हणाला, "बरं."

झालं. त्या 'बरं'चा राग मी विमानात घेऊन बसलो आणि ओहायोत आणला. बायकोला सांगितलं, "तीस वर्षांत पार इंग्रज झालाय. नको म्हटलं की नको. एकदा तरी पुन्हा विचारावं माणसानं." ती म्हणाली, "तुम्हाला जायचं होतं तर हो म्हणायचं." तिचं माहेर नागपूरचं. आमच्याकडची रीत तिला पटत नाही.

तीन वर्षांनी, २००६च्या ऑक्टोबरात, दादा आणि वहिनी आमच्याकडे डब्लिनला आले. हे डब्लिन ओहायोतलं, कोलंबस शहराला लागून आहे. नवी घरं, कापलेलं गवत आणि संगणकावर काम करणारी पुण्या-मुंबईची पोरं. तीन आठवडे राहणार होते.

मी त्यांना काय दाखवावं याचा बेत महिनाभर आधी केला होता, आणि खरं सांगायचं तर तो बेत नव्हता, हिशेब चुकता करणं होतं. विमानतळावर मोठी गाडी घेऊन गेलो. घर दाखवलं, तळघर दाखवलं, दोन गाड्यांचं गॅरेज दाखवलं. गोदामात नेऊन एकेक यंत्र कुठल्या कारखान्यातून कसं भाव पाडून आणलं ते सांगितलं. दादा प्रत्येक यंत्रावर हात फिरवत चालला होता. मला वाटलं, कौतुकानं फिरवतोय. डब्लिनमध्ये एका मैदानात माणसाहून उंच अशी सिमेंटची मक्याची कणसं रांगेनं उभी केली आहेत. तिथे नेलं. दादा एका कणसाला कवेत घेऊन हसायला लागला. "ह्याला दाणे बघ की रे कसे बसवलेत. एक चुकला नाही." वहिनी म्हणाली, "ह्याची भाकरी कुणी खायची?" त्यांना ते मैदान एवढं आवडलं याचाही मला राग आला. फुकटात बघायचं मैदान ते. मी नायगाऱ्याचं आरक्षण करून ठेवलं होतं.

नायगारा झाला, मॉल झाले, माझ्या ओळखीच्या चार बड्या घरी जेवणं झाली. एक दिवस नाश्त्याला बसलो असताना दादा टेबलावर पसरलेल्या नकाशावर अगदी वाकून, नाक टेकवून बघत होता.

"हे वर मोठं निळं काय आहे रे?"

"लेक इरी. तळं आहे."

"एवढं? पलीकडचा काठ दिसत नसेल."

"नाही दिसत. लाटा येतात. समुद्रच म्हणायचा."

"लांब आहे?"

"दोन-अडीच तास." मी चहाचा घोट घेतला. माझ्या आत काहीतरी ताठ उभं राहिलं. "जायचं का?"

"नको," दादा म्हणाला. "तुझं काम बुडतंय रोज. कशाला उगीच."

माझे शब्द त्यानं जसेच्या तसे माझ्यासमोर ठेवले होते, आणि त्याला ते माहीतही नव्हतं. मी कप खाली ठेवला.

"बरं," मी म्हणालो.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मला फार बरं वाटलं. एखादा अडून बसलेला माणूस शेवटी मी सांगितलेल्या किमतीला तयार होतो तेव्हा वाटतं, तसं. दादानं नकाशाची घडी घातली. ती घडी नीट बसेना, तर वहिनीनं त्याच्या हातातून नकाशा घेऊन घातली. बायकोनं स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघितलं.

त्यांना निघायला दोन दिवस होते तेव्हाची गोष्ट. दादा वर झोपला होता. वहिनी खाली मेथी निवडत बसली होती. मी ऑफिसातून लवकर आलो होतो.

"भावजी, बसा जरा," ती म्हणाली. "एक बोलायचं होतं. हे सांगू नको म्हणालेत, म्हणूनच सांगते."

मी बसलो. मला वाटलं, काही मागायचं असेल. तिच्या तोंडून काय निघेल, त्यावर आपण काय म्हणायचं, याची मी मनात जुळवाजुळवही केली. माझं डोकं असंच चालतं.

"ह्यांचे डोळे चाललेत," ती म्हणाली. "मागच्या पडद्याचं दुखणं आहे. औषध नाही त्याला. लख्ख उजेड असला की बरंचसं दिसतं. तिन्हीसांज झाली की सगळं पुसल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणाले, वर्ष-दीड वर्ष. काय बघायचं ते आत्ता बघून घ्या."

यंत्रांवरून फिरणारा हात. नकाशाला टेकलेलं नाक. मी दिवसाला शंभर यंत्रं बघून कुठलं कुठे झिजलंय ते सांगणारा माणूस.

"मग सांगितलं का नाही मला?"

"तुम्ही विचारलंत की. लेक इरीला जायचं का म्हणून." तिनं मेथीची काडी बाजूला टाकली. "ते नको म्हणाले, तुम्ही बरं म्हणालात. रात्री मला म्हणाले, त्याला वेळ नसेल गं. मी म्हटलं, अहो, पुन्हा एकदा स्वतःहून म्हणा. तर म्हणाले, त्याच्याकडं आपण पाहुणे. पाहुण्यानं मागायचं नसतं."

मी सावरून बसलो आणि माझं जुनं गाऱ्हाणं पुढे केलं. अशा वेळीसुद्धा. "वहिनी, तिकडं मी आलो होतो तेव्हा दादानंही मला एकदाच विचारलं होतं."

ती उठून वर गेली आणि पर्समधून एक कागद घेऊन आली. चार घड्यांचा, रेघांच्या वहीतला. "हा त्यांच्या कोटात होता. धुवायला टाकताना मला सापडला, तेव्हापासून माझ्याकडं आहे."

दादाचं अक्षर. वर लिहिलं होतं, 'बघायच्या जागा', आणि खाली माझं घरातलं नाव. मग एकेक ओळ.

'कालवा. नऊ चाळीसची बस. डावीकडे बसायचं, दरी दिसते. यंत्राचं डोकं आहे त्याचं, दारं कशी चालतात ते बघायला आवडेल.'

'मठ. छत्री दोन.'

'माळ. फुलं ऐन भरात आहेत, चुकवायचं नाही. चढ त्याला झेपेल का?'

'माझी गिरणी. माग चालवून दाखवायचा. लवकर आटपायचं, कंटाळेल.'

'बाजारातलं चहाचं दुकान. गोड आवडतं त्याला.'

'समुद्र. शेवटी ठेवायचा. शेजाऱ्याची गाडी सांगितली आहे.'

"सकाळी सहालाच गाडी दारात आणून ठेवली होती त्यांनी," वहिनी म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात तेव्हा शेजाऱ्याला किल्ली परत द्यायला गेले. मी म्हटलं, पुन्हा विचारा की हो. तर म्हणाले, तो आता मोठा माणूस झालाय. तीन दिवस बसनं फिरवलं, कंटाळला असेल. त्याला अजून भिडेत कशाला पाडायचं."

मी कागदाची घडी घातली. मलाही ती नीट जमली नाही. "राहू दे तुमच्याकडंच," वहिनी म्हणाली.

रात्री जेवताना मी दादाला म्हणालो, "उद्या लेक इरीला जायचं."

"नको रे."

"जायचं."

"परवा निघायचंय, सामान भरायचंय."

"दादा, मी विचारत नाहीये. जायचं."

तो हसला. "तिसरं नको संपलं का? बरं, चल." बायकोनं त्याच्या पानात न विचारता पोळी वाढली.

इथे हे लिखाण थांबवता आलं असतं तर बरं झालं असतं.

सकाळी निघायचं ठरलं होतं. सकाळी पेनसिल्व्हेनियातून एकाचा फोन आला. तीन महिने अडलेला सौदा होता, आज हो-नाही करतो म्हणाला. मी म्हटलं, तासाभरात उरकतो. उरकायला दुपारचे दोन वाजले. बायकोची ड्यूटी होती, ती आली नाही. आम्ही तिघं निघालो, रस्त्यात काम चालू होतं, आणि पोचायला पावणेसहा वाजले. तरी ऊन होतं. वाटेतली मक्याची शेतं पिवळीधमक झाली होती, आणि मागच्या सीटवरून दादा वहिनीला ती दाखवत होता, हे मी आरशात बघत होतो. मनात म्हणत होतो, अजून तासभर उजेड आहे. जमवलं.

मी मुद्दाम एक खासगी किनारा निवडला होता, तिथे गर्दी नसते म्हणून. वाटेवर आडवा दांडा आणि एक लाकडी चौकी. पलीकडे वाळूचा उंच बांध आणि झाडी. त्यामागे तळं. चौकीत दादाच्याच वयाची एक गोरी बाई स्वेटर घालून बसली होती. तिनं पूर्ण दिवसाचे पैसे सांगितले.

"तुम्ही बंद कधी करता?" मी विचारलं.

"अंधार पडला की."

"म्हणजे तासाभरात. मग पूर्ण दिवसाचे कसले?"

"नियम आहे, सर."

इथे मला थांबता यायला हवं होतं. पण भाव चुकीचा आहे हे दिसलं की मला दुसरं काही दिसत नाही. मी गाडी बाजूला घेऊन खाली उतरलो. मालकाला बोलवा म्हणालो. तिनं फोन लावला. मालक कुठल्याशा छोट्या उघड्या गाडीत बसून झाडीतून आला, सावकाश. तो म्हणाला, तुम्हाला नको असेल तर परत जा. मी आवाज चढवला. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी त्याला धंदा शिकवत होतो. मागून दादाचा आवाज आला, "असू दे की रे. दे आणि चल." मी मागे न बघता हात वर केला, थांब म्हणून. वहिनीनं एकदा हाक मारली, "भावजी." तिला मी म्हणालो, "दोन मिनिटं, वहिनी. हा येतोय ताळ्यावर." ती बाई बिचारी एकदा माझ्याकडे, एकदा मालकाकडे बघत होती. शेवटी मालक कंटाळला. "अर्धे द्या आणि जा," म्हणाला.

मी गाडीत बसलो. "अर्ध्यात आणला," मी म्हणालो. दांडा वर गेला, तेव्हा चौकीतला दिवा लागलेला होता. तो कधी लागला ते मला कळलं नव्हतं.

बांध चढून पलीकडे गेलो. सूर्य गेला होता. आकाशाच्या खालच्या कडेला एक तांबूस रेघ, आणि पुढे सगळं राखाडी. मला दिसत होतं. लाटा दिसत होत्या, पांढरे पक्षी दिसत होते, पलीकडचा काठ नव्हता. दादा वहिनीचा हात धरून वाळूत पाय चाचपत चालला. पाण्यापासून दहा हातांवर उभा राहिला आणि त्यानं चेहरा थोडा डावीकडे वळवला. पाणी समोर होतं.

"मोठं आहे," तो म्हणाला.

"दादा..."

"आवाज समुद्राचाच आहे. वासच तेवढा नाही." मग थोड्या वेळानं, "पक्षी आहेत का रे?"

"आहेत. पांढरे आहेत. खूप आहेत."

"हां. वाटलंच."

वहिनीनं डब्यातून दशमी काढली, दादाच्या हातात दिली, एक माझ्याकडे केली. मी नको म्हणालो. तिनं ती माझ्या हातात ठेवली आणि पदर डोक्यावरून घेतला. "चला भावजी, गार पडलंय. ह्यांचा पाय मुरगळायचा." तिच्या आवाजात राग असता तर मला सोसलं असतं.

त्या रात्री घरी आल्यावर मी आणखी एकदा जायचं काढलं. म्हणालो, पहाटे निघू, दुपारच्या विमानाला परत येऊ. हे होण्यासारखं नव्हतं, मलाही माहीत होतं. दादा म्हणाला, "नको." मी पुन्हा म्हणालो. तो म्हणाला, "नको रे." मी तिसऱ्यांदा म्हणालो, तेव्हा त्यानं माझ्या दंडावर हात ठेवला. "आता खरंच नको. दमलोय."

विमानतळावर मी माफी मागायचं ठरवलं होतं. मागितली नाही. सामान किती जास्त भरतंय यावरून मी काउंटरवरच्या मुलीशी बोलत राहिलो, आणि तेवढ्यात त्यांची वेळ झाली.

त्यानंतर मी फोन केला की वहिनीशीच बोलायचो. दादा बरा आहे का, असं विचारून लगेच दुसरा विषय काढायचो. २००८च्या सुरुवातीला तिनं सांगितलं की आता दिवसाही फारसं दिसत नाही, पण रविवारी गिरणीत जातात. "माग हातानं चालवतात, डोळ्यांचं काम नाही म्हणतात. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, माझ्या भावानं मला अमेरिकेत समुद्राएवढं तळं दाखवलं. पलीकडचा काठ दिसत नाही. पांढऱ्या पक्ष्यांचं तर एवढं वर्णन करतात, भावजी, मलाच वाटतं की बघितले असतील."

माझं गाऱ्हाणं मी तीन वर्षं सांभाळलं होतं, कुणी भेटलं की काढून दाखवलं होतं. त्यानं त्या संध्याकाळचं हे केलं होतं.

तेवढ्यात दादानं फोन घेतला.

"काय रे, कुठं आहेस?"

"गोदामात."

"ये एकदा इकडं. उन्हाळ्यात ये, माळावर फुलं असतात. आणि समुद्र राहिलाय आपला. आता तू बघ आणि मला सांग."

सवयीनं माझ्या तोंडात आलंच होतं, नको, कशाला तुम्हाला त्रास. पलीकडे तो थांबला होता. मला वाटतं, पुन्हा विचारायच्या तयारीत होता. या खेपेला त्यानं तीनदा विचारलं असतं.

ती वेळ मी त्याच्यावर आणली नाही. "येतो," म्हणालो. तो कागद माझ्या खिशातल्या पाकिटात आहे. घड्यांवर आता फाटत चाललाय. कालव्याला जायची बस नऊ चाळीसची, डावीकडे बसायचं.